पॅड बांधून बसलेला मुलगा

दोस्तांनो, सकाळी विरारहून सुटणारी चर्चगेट लोकल डोळ्यांसमोर आणा. डब्यात पाय ठेवायला जागा नाही, आणि त्या गर्दीत एक दहा-बारा वर्षांचा मुलगा आपल्याहून उंच क्रिकेटची बॅग पोटाशी धरून उभा आहे. मागे बाबा नाहीतर आजोबा. आजूबाजूचे काका कुरकुरतात, "अरे, ही शवपेटी कुठे घेऊन चाललास?" आणि तरी नालासोपारा, वसई, नायगाव जाईपर्यंत तेच काका सरकून सरकून जागा करून देतात. तुमच्यापैकी कितीतरी जण हा प्रवास रोज करत असतील. पृथ्वी शॉ असाच विरारहून वांद्र्याला सरावाला जायचा. शार्दुल ठाकूर तर त्याहून लांब, पालघरकडून यायचा. २०१८ साली दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावरून परतल्यावर हा पठ्ठ्या सरळ लोकल पकडून घरी गेला, आणि डब्यातली पोरं मोबाइलवर त्याचा फोटो शोधून हा तोच का ते ताडून पाहत होती!

पण आज गोष्ट या दोघांची नाही. अशी बॅग उचलणाऱ्या शंभर मुलांतला एखादाच भारताकडून खेळतो. बाकीच्या नव्याण्णव जणांचं पुढे काय होतं, हा प्रश्न तुम्हाला पडत नसला तरी तुमच्या आईबाबांना रात्री झोपताना नक्की पडतो. तर त्या नव्याण्णवांपैकी एकाची ही गोष्ट. त्यांचं नाव अमोल मुजुमदार.

चला १९८८ सालात. फेब्रुवारी महिना, मुंबईचं आझाद मैदान, शाळांच्या हॅरिस शिल्ड स्पर्धेचा उपांत्य सामना. एका बाजूला दादरची शारदाश्रम विद्यामंदिर, दुसऱ्या बाजूला सेंट झेवियर्स. शारदाश्रमचे दोन गडी ८४ धावांत बाद झाले आणि खेळायला एकत्र आले चौदा वर्षांचा सचिन तेंडुलकर आणि सोळा वर्षांचा विनोद कांबळी. पुढचं तुम्हाला पाठ असेल. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९, भागीदारी ६६४ धावांची. त्या काळी कुठल्याही दर्जाच्या क्रिकेटमधली ती सगळ्यात मोठी भागीदारी होती. साऱ्या जगानं त्या दोघांची नावं ऐकली.

आता एक प्रश्न विचारतो. पुढचा फलंदाज कोण होता?

तोच आपला अमोल. वय तेरा वर्षं. पायांना पॅड, हातात ग्लोव्हज, शेजारी बॅट. पहिल्या दिवशी तो बसला, दुसऱ्या दिवशी बसला. प्रत्येक अपिलाला उठायचं, आणि पंचांनी मान हलवली की परत बसायचं. पॅड बांधून बसणं म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. पाय घामेजतात, पाणी जास्त पिता येत नाही, गप्पांत मन लागत नाही. अखेर शारदाश्रमनं दोन बाद ७४८ वर डाव सोडला आणि अमोलनं एकही चेंडू न खेळता पॅड सोडले.

या तिन्ही मुलांचे गुरू एकच, रमाकांत आचरेकर सर. मालवणचे. नोकरी स्टेट बँकेत, आणि बाकीचा सगळा वेळ शिवाजी पार्कवर. स्वतः ते प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते, पण त्यांच्या हाताखालून किती खेळाडू भारतापर्यंत गेले ते मोजायला दोन हातांची बोटं पुरणार नाहीत. स्कूटरवर मागे मुलाला बसवून ते एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, एकाच दिवशी दोन-दोन सामने खेळायला लावायचे. स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. फलंदाज शेवटपर्यंत टिकला तर रुपया त्याचा, गोलंदाजानं दांडी उडवली तर गोलंदाजाचा. सचिननं मिळवलेली असली तेरा नाणी अजून जपून ठेवली आहेत. त्याच्या सगळ्या ढालींपेक्षा मला त्या तेरा रुपयांचा जास्त हेवा वाटतो! सरांना १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०१० साली पद्मश्री. २ जानेवारी २०१९ रोजी ते गेले. २०२४च्या डिसेंबरात शिवाजी पार्कवर त्यांचं स्मारक उभं राहिलं.

अमोलची पाळी आली ती १९९४ साली. फरीदाबादला हरियाणाविरुद्ध रणजी करंडकाचा बाद फेरीतला सामना, मुंबईकडून त्याचा पहिलाच. एकोणीस वर्षांच्या या मुलानं किती धावा काढल्या असतील? २६०! पहिल्याच प्रथम श्रेणी सामन्यात एवढ्या धावा तोपर्यंत जगात कोणीच काढल्या नव्हत्या. हा विक्रम २०१८ सालापर्यंत, म्हणजे जवळजवळ पाव शतक टिकला. (आता तो बिहारच्या साकिबुल गनीच्या नावावर आहे. त्यानं २०२२ साली पदार्पणातच ३४१ केल्या.) लोक म्हणायला लागले, दुसरा तेंडुलकर आला. त्याच वर्षी तो भारताच्या एकोणीस वर्षांखालच्या संघाचा उपकर्णधार होता.

पण दोस्तांनो, हिशेब करून पाहा. भारतीय संघात मधल्या फळीत जागा किती? तीन, चार, पाच, सहा, म्हणजे चार. आणि १९९६ सालापासून पुढची बारा वर्षं त्या चार जागांवर कोण होतं? राहुल द्रविड, सचिन तेंडुलकर, सौरव गांगुली, व्ही. व्ही. एस. लक्ष्मण. अमोल मुजुमदार यांनी यात काय चुकीचं केलं? माझ्या मते काही नाही. ते चुकीच्या वर्षी जन्मले, एवढंच. ११ नोव्हेंबर १९७४. दहा वर्षं आधी किंवा दहा वर्षं नंतर जन्मले असते तर आज त्यांच्या नावावर पन्नास कसोटी सामने असते, असं म्हणणारे मुंबईच्या मैदानांवर पुष्कळ भेटतील. परीक्षेत ९५ टक्के मिळाले आणि त्या वर्षी यादी ९६ला बंद झाली, तसा प्रकार.

त्यांनी खेळ सोडला नाही. वीस वर्षं खेळत राहिले. १७१ प्रथम श्रेणी सामने, ३० शतकं, ११ हजार १६७ धावा. मुंबई, मग २००९ साली आसाम, मग आंध्र. एके काळी रणजी करंडकात सगळ्यात जास्त धावांचा विक्रम त्यांच्या नावावर होता, पुढे तो मुंबईच्याच वासिम जाफरनं मोडला. आणि भारताच्या टोपीचं काय? ती मिळाली नाही ती नाहीच. २०१४ साली ते निवृत्त झाले.

त्यातला एक मोसम मात्र नीट सांगायलाच हवा, कारण त्याचा धागा पुढे पुन्हा सापडणार आहे. २००६-०७. मुजुमदार मुंबईचे कर्णधार होते. पहिले तीन सामने मुंबई ओळीनं हरली. मुंबईसारखा संघ तळाला! वर्तमानपत्रांनी झोडपलं, मैदानाच्या कडेला बसणाऱ्या जाणत्या मंडळींनी झोडपलं. तिथून संघ सामने जिंकत जिंकत उपांत्य फेरीत गेला. बडोद्याविरुद्धच्या त्या सामन्यात दुसऱ्या डावात मुंबईची धावसंख्या एका क्षणी काय होती माहीत आहे? पाच बाद शून्य! छपाईची चूक नाही ही. एकही धाव नाही आणि अर्धा संघ तंबूत. तरी मुंबई तो सामना जिंकली, आणि मग वानखेडेवर बंगालला हरवून रणजी करंडकही.

खेळणं संपल्यावर खेळाडूनं काय करायचं? कोणी समालोचक होतो, कोणी दुकान काढतो. मुजुमदार प्रशिक्षक झाले, आणि तेही मुख्यतः फलंदाजीचे. इथे थोडं थांबू या, कारण 'फलंदाजीचा प्रशिक्षक' हा काय प्रकार आहे हे आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नसतं. आपल्या शाळेत पी.टी.चे एकच सर सगळं शिकवतात. खो-खो, कबड्डी, क्रिकेट आणि वर संचलनही!

अमेरिकेत कॉलेजांमधला फुटबॉल फार लोकप्रिय आहे. हा आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. त्यात लंबगोल चेंडू हातात घेऊन पळतात, फेकतात आणि एकमेकांवर चक्क आदळतात. त्या खेळात चढाई करणारे अकरा वेगळे आणि बचाव करणारे अकरा वेगळे. मग प्रशिक्षकही वेगळे. चढाईचा प्रशिक्षक कानाला हेडफोन लावून, कधी मैदानाच्या कडेला तर कधी वर काचेच्या खोलीत बसून, प्रत्येक खेळीला कोणी कुठे पळायचं ते ठरवतो. जिंकलं की नाव खेळाडूचं किंवा मुख्य प्रशिक्षकाचं होतं, हरलं की बोट याच्याकडे दाखवतात. एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात बिऱ्हाड हलवत, पायरी पायरी चढत, यातला एखादा पुढे मुख्य प्रशिक्षक होतो.

क्रिकेटमधला फलंदाजीचा प्रशिक्षक याच जातीतला. तो सकाळी सगळ्यांच्या आधी नेटमध्ये असतो. शेकडो चेंडू स्वतः हातानं नाहीतर त्या लांब दांड्याच्या चमच्यानं टाकतो. खांदा दुखून येतो. कोणाचं डोकं चेंडूच्या रेषेबाहेर पडतंय, कोणाचा पुढचा पाय अडकतोय, हे तो व्हिडिओवर दहादा पाहतो. पण खरं कसब त्याच्या पुढचं आहे. काय बघितलं त्यातलं किती सांगायचं? उद्या सामना असेल आणि आज तुम्ही एखाद्याला "तुझी पकड चुकते" असं सांगितलं तर तो रात्रभर पकडीचाच विचार करणार आणि सकाळी शून्यावर बाद होणार. म्हणून चांगला प्रशिक्षक दहा गोष्टी बघतो आणि एक सांगतो. आणि कोणाला कितव्या क्रमांकावर पाठवायचं? तेही यातच आलं. पॅड बांधून कोणाला बसवायचं, हा निर्णयसुद्धा!

मुजुमदारांची ही दुसरी चढण सोपी नव्हती. भारताच्या कुमार संघांबरोबर काम केलं. आयपीएलमध्ये राजस्थान रॉयल्सच्या फलंदाजांना शिकवलं. २०१९ साली दक्षिण आफ्रिकेचा पुरुष संघ कसोटी खेळायला भारतात आला, तेव्हा त्या संघानं आपल्या फलंदाजांसाठी यांना तात्पुरतं बोलावलं. म्हणजे आयुष्यभर ज्या भारतीय ड्रेसिंगरूमचं दार उघडलं नाही, तिच्या समोरच्या ड्रेसिंगरूममध्ये ते बसले होते! आफ्रिकेनं ती मालिका ३-० अशी गमावली, हेही सांगून टाकतो.

२०२१ साली ते मुंबईचे मुख्य प्रशिक्षक झाले, आणि इथे आपला विरार पुन्हा येतो. २०२२च्या रणजी मोसमात मुंबईचा कर्णधार होता पृथ्वी शॉ. तोच, ज्यानं २०१३ साली हॅरिस शिल्डच्या एका सामन्यात रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेकडून ५४६ धावा कुटल्या होत्या. त्या मोसमात उपांत्यपूर्व सामन्यात मुंबईनं उत्तराखंडला ७२५ धावांनी हरवलं. प्रथम श्रेणी क्रिकेटच्या इतिहासात धावांच्या हिशेबात याहून मोठा विजय नाही. त्याच सामन्यात सुवेद पारकर हा मुलगा पहिल्यांदा मुंबईकडून खेळला आणि त्यानं २५२ धावा काढल्या. पदार्पणात मुंबईकडून द्विशतक काढणारा तो दुसरा. पहिला कोण, ते तुम्ही मघाशीच वाचलंत, आणि तो पहिला त्या दिवशी प्रशिक्षक म्हणून तिथेच बसला होता.

अंतिम सामना बंगळूरला झाला, मध्य प्रदेशविरुद्ध. समोरच्या संघाचे प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित, आचरेकर सरांचेच शिष्य. दोन गुरुबंधू आमनेसामने, आणि थोरला जिंकला. मुंबई सहा गडी राखून हरली. पंडितांचंही एक जुनं दुःख त्या मैदानाला चिकटलेलं होतं. १९९९ साली मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून ते तिथेच अंतिम सामना हरले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईनं मुश्ताक अली करंडक पहिल्यांदा जिंकला, आणि २०२३च्या जानेवारीत पृथ्वीनं गुवाहाटीजवळ आसामविरुद्ध ३७९ धावा काढल्या. रणजीत त्याहून मोठी खेळी एकच, भाऊसाहेब निंबाळकरांची नाबाद ४४३, पुण्यात, १९४८ सालची. पृथ्वीची गाडी नंतर रुळावरून घसरली, २०२५ साली तो मुंबई सोडून महाराष्ट्राकडे गेला. प्रशिक्षक सगळं शिकवू शकतो असं नाही.

ऑक्टोबर २०२३मध्ये मुजुमदारांना भारतीय महिला संघाचं मुख्य प्रशिक्षकपद मिळालं. तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. जो स्वतः भारताकडून खेळला नाही तो काय शिकवणार? मला हा प्रश्नच पोकळ वाटतो. पोहायला शिकवणारे सगळे इंग्लिश खाडी पोहून आलेले असतात का? पण टीका करणाऱ्यांना दाखले मिळत गेले. २०२४ साली आशिया चषकाचा अंतिम सामना श्रीलंकेकडून हरलो. त्याच वर्षी टी-ट्वेंटी विश्वचषकात तर साखळीतूनच बाहेर.

मग आला २०२५चा एकदिवसीय विश्वचषक, आपल्याच देशात. सुरुवात बरी झाली आणि मग ओळीनं तीन पराभव! दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड. ऑस्ट्रेलियाविरुद्ध तर ३३० धावा करूनही हरलो. इंदूरला इंग्लंडविरुद्ध सामना मुठीत होता, स्मृती मानधना ८८ धावांवर खेळत होती, आणि शेवटी चार धावा कमी पडल्या. त्या सामन्यात एक गोलंदाज वाढवण्यासाठी जेमिमा रॉड्रिग्जला बाहेर बसवलं होतं. एक फलंदाज कमी आणि चार धावांनी हार! तुम्हीच सांगा, लोकांनी प्रशिक्षकाला काय काय म्हटलं असेल?

ओळीनं तीन पराभव. आठवतंय ना, हे कुठे वाचलं?

जेमिमा पुढच्याच सामन्यात संघात परतली. न्यूझीलंडविरुद्ध तिसऱ्या क्रमांकावर येऊन तिनं नाबाद ७६ केल्या आणि भारत उपांत्य फेरीत पोहोचला. बांगलादेशविरुद्ध सलामीची प्रतिका रावल जखमी झाली, म्हणून शेफाली वर्माला बाहेरून बोलावून घेतलं. ती मूळ संघातसुद्धा नव्हती.

३० ऑक्टोबर, नवी मुंबई, डी. वाय. पाटील स्टेडियम. ऑस्ट्रेलियानं ३३८ केल्या. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये एवढ्या धावांचा पाठलाग कोणी केलेला नव्हता. ड्रेसिंगरूममधल्या फळ्यावर मुजुमदारांनी एवढंच लिहिलं होतं की अंतिम सामन्यात जायला त्यांच्यापेक्षा एक धाव जास्त हवी, बस. ३३९चा डोंगर त्यांनी एका धावेचा करून टाकला.

तिसऱ्या क्रमांकावर कोणाला पाठवायचं? जेमिमानं नंतर सांगितलं की आपण पाचव्या क्रमांकावर खेळणार असंच ती धरून चालली होती, आणि मैदानात उतरायच्या पाच मिनिटं आधी तिला कळलं की तिसऱ्या क्रमांकावर जायचंय. पॅड बांधून ताटकळायला वेळच नव्हता! दुसऱ्या षटकात शेफाली बाद झाली आणि जेमिमा उतरली ती थेट सामना संपवूनच परतली. नाबाद १२७. कर्णधार हरमनप्रीत कौरनं ८९ काढल्या, दोघींची भागीदारी १६७ धावांची. नऊ चेंडू शिल्लक असताना भारत पाच गडी राखून जिंकला.

अंतिम सामना तीनच दिवसांनी, २ नोव्हेंबरला, त्याच मैदानावर. समोर दक्षिण आफ्रिका. पावसानं दोन तास खोळंबा केला. भारताच्या सात बाद २९८. त्यात ८७ धावा शेफालीच्या, त्याच बाहेरून बोलावलेल्या मुलीच्या, आणि पुढे दोन बळीही तिचेच. दीप्ती शर्मानं ५८ धावा आणि ३९ धावांत ५ बळी. आफ्रिकेची कर्णधार लॉरा वोल्वार्ट शतक काढून भिडत होती, पण तिचा उंच गेलेला झेल अमनजोत कौरनं हातात दोनदा-तीनदा उडवत अखेर पकडला, तेव्हा घराघरांत लोकांनी श्वास सोडला. आफ्रिका सर्वबाद २४६. भारत ५२ धावांनी विजयी. २००५ आणि २०१७ साली अंतिम सामन्यात हुकलेला चषक अखेर आला.

त्या बाकावर मुजुमदारांच्या सोबतीला गोलंदाजीचे प्रशिक्षक म्हणून मुंबईचाच आविष्कार साळवी होता. वेगवान गोलंदाज, आणि शिक्षण खगोलभौतिकीचं! विज्ञान आणि क्रिकेट एकत्र जमत नाही असं घरी कोणी म्हणालं तर हे नाव सांगा.

मुजुमदारांच्या नावापुढे खेळाडू म्हणून आंतरराष्ट्रीय सामने आजही शून्य आहेत आणि तसेच राहतील. त्या रात्री हरमनप्रीत धावत त्यांच्यापाशी आली आणि वाकून त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी तिला उठवून मिठी मारली. मध्यरात्र उलटून गेली होती. मुलींनी खेळपट्टीच्या मधोमध जमून संघाचं गाणं म्हटलं. विश्वचषक जिंकल्यावरच ते जगाला ऐकवायचं, असं म्हणून चार वर्षं त्यांनी ते लपवून ठेवलं होतं.